पुतळ्याचा डावा कान

गुरूच्या मुखातून निघालेला एक शब्द शिष्याचे आयुष्य घडवतो. आमच्या कला महाविद्यालयात गुरुपौर्णिमेला हे वाक्य दरवर्षी ऐकवले जाई, आणि ऐकवणारे पाहुणे त्यानंतर तासभर बोलत. एका शब्दात काम होत असेल तर बाकीचे कशाला, असा प्रश्न मागच्या रांगेत बसून मला पडत असे. पण माझ्या बाबतीत ते वाक्य खरे ठरले. ज्या पद्धतीने खरे ठरले, ती पाहुण्यांना आवडली नसती.

शतक संपत आले होते आणि पुण्यात प्रत्येक घरात कुणीतरी कॉम्प्युटर शिकत होते. दोन हजार साल उजाडताच जगातली सगळी यंत्रे बंद पडणार होती. ती पडू नयेत म्हणून माझा चुलत भाऊ अमेरिकेला गेला होता. काकूंच्या बोलण्यावरून तो एकटाच गेला असावा असे वाटे. बाबा बँकेत कारकून होते. त्यांच्या शाखेत कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्यासाठी एसी बसवला आणि त्याच्या खोलीत जाताना चपला बाहेर काढायचा नियम झाला. इतकी वर्षे पंख्याखाली काम केलेल्या माणसांना काय समजायचे ते समजले. अशा दिवसांत मी शिल्पकला शिकत होते. नातेवाइकांपैकी निम्मे विचारत, "म्हणजे गणपती करणार का?" उरलेले काहीच विचारत नसत, ते जास्त वाईट होते.

बाबाही काही विचारत नसत. त्यांना हाक मारली तर पहिल्या हाकेला उत्तर येत नसे, कधी कधी तिसऱ्याही. आमच्या पेठेत याला कुणी दोष मानत नाही. उत्तर न देणे हेही एक उत्तर असते, आणि बहुतेक वेळा ते 'नाही' असते, हे आम्ही लहानपणापासून शिकलो होतो. त्यामुळे तिसरे वर्ष संपताना ते जेवायला बसल्यावर आपणहून बोलले, तेव्हा माझा घास हातातच राहिला.

"जूनमध्ये मल्टिमीडियाचे प्रवेश सुरू होतील. तोवर तुझ्या त्या सरांना मी एकदा भेटतो. ते म्हणाले हिला यात गती आहे, तर राहा. नाही म्हणाले तर कोर्सला नाव घालू. निदान माहीतगार माणसाने नाही म्हटलेलं बरं."

सर म्हणजे कॉलेजातले नव्हेत. तिसऱ्या वर्षाच्या सुट्टीत आमचे कॉलेज प्रत्येक विद्यार्थ्याला एकेका व्यावसायिक कलावंताकडे काम शिकायला धाडत असे. या योजनेला एक भारदस्त संस्कृत नाव होते, ते आता आठवत नाही. जाहिरातकलेची मुले एसी असलेल्या कचेऱ्यांत गेली. मी गेले विश्रांतवाडीच्या पुढे, एका पत्र्याच्या शेडमध्ये. तिथे एक शिल्पकार सार्वजनिक पुतळे करत. शेडमध्ये शिरताच भिंतीलगत बसलेली दहाबारा थोर माणसे दिसत, सगळी छातीपर्यंतच. डोक्यावरून लोहगावची लढाऊ विमाने जात तेव्हा पत्रा थरथरे, आणि थोर माणसांच्या खांद्यांवरची धूळ किंचित हले.

सर शिकवत नसत. ते शेजारून जात. जाताना काही पटले नाही तर हातातल्या तारेच्या हत्याराने मातीचा एक तुकडा उडवत आणि पुढे जात. पटले तर तसेच पुढे जात. लक्षच गेले नाही तरीही तसेच पुढे जात. त्यामुळे त्यांना काम आवडले, की त्यांनी पाहिलेच नाही, हे कळायला मार्ग नव्हता. मी त्यांच्या पावलांच्या आवाजावरून, थांबण्यावरून, नाकातून सुटलेल्या श्वासावरून अंदाज बांधू लागले. बोलत तेव्हाही इतके हळू बोलत की वाक्य पुतळ्याला उद्देशून आहे असे वाटे. विमान गेले तरी आवाज चढवायची पद्धत नव्हती. बाबा येऊन या माणसाला विचारणार होते, आणि हा माणूस माझ्याबद्दल काय समजतो, याचा मला पत्ता नव्हता.

त्या उन्हाळ्यात सरांकडे मांजरी गावाकडचे एक काम आले. उसाच्या शेतात एक नवे इंजिनिअरिंग कॉलेज उभे राहिले होते, आणि त्याच्या अध्यक्षांना प्रवेशद्वारात आपल्या वडिलांचा अर्धपुतळा हवा होता. वडिलांचा एकच फोटो होता, तोही कुठल्याशा सत्काराच्या गर्दीतून काढून मोठा केलेला. त्यात फेट्याचा शेमला उजव्या खांद्यावरून पुढे आला होता आणि उजवा कान त्याखाली गेला होता. डावा कान म्हणजे एक करडा डाग होता.

अध्यक्ष आठवड्यातून एकदा येऊन आपले वडील कुठवर आले ते पाहत.

"वडील जरा करारी दिसाया पायजेत."

सरांनी भुवया किंचित खाली घेतल्या. पुढच्या खेपेला अध्यक्ष म्हणाले, "थोडे प्रेमळ बी करा."

"दोन्ही?" सरांनी विचारले.

"व्हय की. बाहेर करारी, घरात प्रेमळ."

"पुतळा कुठे बसणार?"

"कॉलेजात."

"मग करारी," सर म्हणाले, आणि चहा मागवला.

मधल्या दिवसांत प्रगती विचारता यावी म्हणून अध्यक्षांनी सरांना एक मोबाइल फोन आणून दिला. विटेएवढा होता. शेडमध्ये त्याला रेंज नसे. वाजला की सर तो हातात धरून बाहेर चिंचेखाली जात, तिथे तोंड आभाळाकडे करून उभे राहत. लांबून ते प्रार्थना करत आहेत असे वाटे. बहुधा करतही असावेत.

एक दिवस शेजारून जाताना सर थांबले आणि फोटोवरच्या करड्या डागावर बोट ठेवून म्हणाले, "कान तू कर."

त्यानंतर मला नीट झोप लागली असे आठवत नाही. चेहऱ्यात नाक चुकले तर लगेच दिसते. कान चुकला तर कुणाला सांगता येत नाही काय चुकले, फक्त माणूस खोटा दिसतो. विश्रांतवाडीच्या बसमध्ये मी लोकांचे कान बघत बसू लागले. एका गृहस्थांनी उठून जागा बदलली. रोज केलेला कान रोज मोडत होते. शेवटी एक कान झाला. सर शेजारून गेले. दुपारी पुन्हा गेले. दुसऱ्या दिवशीही गेले. मातीचा एकही तुकडा उडाला नाही. बाबा येतील तेव्हा निदान दाखवायला एक कान आहे, एवढा धीर मला आला.

इथे थोडे कामाचे सांगायला हवे. मातीचा पुतळा टिकत नाही, म्हणून त्यावर प्लास्टरचा साचा चढवतात. पहिला पातळ थर कपड्यांची नीळ घालून निळा करतात, त्यावर जाड पांढरा थर. साचा पुढचा आणि मागचा असा दोन भागांत उघडतो. आतली माती खरवडून काढतात, म्हणजे मूळ पुतळा तिथेच संपतो. मग साच्याला आतून उकळलेल्या साबणाचे पाणी नीट चोपडतात, भाग जोडतात आणि आत नवे प्लास्टर ओततात. ते घट्ट झाले की बाहेरचा साचा छिन्नीने फोडत जायचे. निळा थर दिसला की सावध व्हायचे, कारण त्याच्या खालीच चेहरा असतो. साबण लावलेला असला की निळा थर सुटून येतो. नसला तर प्लास्टर प्लास्टरला धरून बसते आणि मग ते जगात कुणाला वेगळे करता येत नाही.

साबण सर स्वतः लावत होते. मधेच फोन वाजला. ते चिंचेखाली गेले, परत आले आणि काम पुढे चालू झाले.

साचा फोडायची छिन्नी त्यांनी माझ्या हातात दिली तो शनिवार होता. बँकेचा अर्धा दिवस, आणि दुपारी बाबा येणार होते. सकाळपासून मी फोडत होते. पांढरा थर उडाला की निळा, निळ्यावर हलकेच ठोका, की उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखा तो सुटे. फेटा निघाला, कपाळ निघाले, करारी भुवया निघाल्या. प्रत्येक ठोक्याला नाक जाणार असे वाटे, पण नाकही धड निघाले. मग मी डाव्या गालावरून कानाकडे आले आणि निळा थर सुटेना. जरा जोर दिला. जो तुकडा निघाला त्याच्या आतल्या बाजूला कानाची पाळी होती.

माझ्या हाताने झाले असेच मला वाटले. छिन्नी तिरकी बसली असेल, जोर जास्त झाला असेल. सर आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले. बोट ओले करून त्यांनी त्या जागेवरून फिरवले.

"इथे साबण लागलाच नाही," ते म्हणाले. मग मान वळवून बाहेरच्या चिंचेकडे पाहिले. "फोन."

डाव्या गालापर्यंत साबण लावून ते फोनवर गेले होते, आणि परत आल्यावर त्यांनी साच्याचा मागचा भाग हातात घेतला होता.

"काढून टाक सगळा कान," ते म्हणाले. "प्लास्टरचा गोळा चढव. त्यातून नवा कोर."

बाबांना दाखवायचा माझा एकुलता एक पुरावा गोणपाटावर तुकड्यांत पडला होता. ओला गोळा चढवून मी त्यासमोर बसले. करड्या डागाकडे पाहिले. बसमधले सगळे कान आठवायचा प्रयत्न केला, एकही आठवला नाही. तेवढ्यात बाहेर बाबांची स्कूटर थांबली.

बाबा आत आले, बँकेची पिशवी हातात, आणि भिंतीलगतच्या मंडळींकडे पाहत उभे राहिले.

"इतकी माणसं गेली?"

"दोघं हयात आहेत," सर म्हणाले. "त्यांनी स्वतःच ऑर्डर दिली."

बाबांना हे उत्तर आवडले असावे, कारण त्यांनी पिशवी खाली ठेवली. "मी हिच्याबद्दल विचारायला आलो होतो."

सर त्यांच्याकडे बघतच राहिले. मग त्यांच्याभोवती अर्धी फेरी मारून डावीकडे आले. "आपलं वय?"

"चोपन्न."

"बसा. या स्टुलावर. भिंतीकडे बघा."

पालकांची मुलाखत घ्यायची ही कलावंतांची रीत असावी अशा समजुतीने बाबा बसले. सर मला म्हणाले, "कान चांगला आहे. घे."

मी जन्मापासून या माणसाच्या घरात राहत होते आणि त्यांचा कान कधी पाहिला नव्हता. वरची कड आत दुमडलेली, मधला खळगा खोल, पाळी लांब आणि जरा पुढे वळलेली. चष्म्याच्या काडीने वर एक खाच पाडली होती. मी डाव्या बाजूला बसून कोरू लागले. सर माझ्या मागे उभे राहिले.

"किती वेळ लागेल?" बाबांनी भिंतीला विचारले.

"कान होईपर्यंत," सर म्हणाले. बाबांनी पुन्हा विचारले नाही.

खळगा झाला, कड दिसू लागली. आणि बाबांनी, भिंतीवरची नजर न हलवता, बँकेत खातेदाराशी बोलतात त्या स्वरात तो प्रश्न विचारला.

"स्पष्ट सांगा साहेब. मुलीला यातच ठेवावी, की कॉम्प्युटरला घालावी?"

वरून विमान गेले. पत्रा थरथरला. आवाज ओसरत असताना माझ्या डोक्यावरून सरांचे ते हळू बोलणे आले. "माझी मुलगी असती तर मी कॉम्प्युटरला घातली असती. हात बरा आहे. पण यात पुढे काही नाही."

बाबांनी मान हलवली. सावकाश, दोनदा.

"हलू नका," सर म्हणाले. यावेळी जरा मोठ्याने. आणि मला, "हात थांबवू नकोस. प्लास्टर वाळतंय."

तो कान मी कसा पुरा केला ते सांगता येत नाही. हत्यार चालत होते एवढे खरे. जे व्हायचे ते झाले होते, त्यामुळे भीती वाटायचे कारण उरले नव्हते, तरी ती वाटतच होती. झाल्यावर बाबा उठले, पाठ सरळ केली, आणि पुतळ्यावर आपला कान पाहिला.

"माझा इतका मोठा आहे?"

"वयाबरोबर वाढतो," सर म्हणाले.

"चला. काहीतरी वाढलं."

परतीच्या वाटेवर मी स्कूटरवर मागे बसून वाट पाहत होते. आता बोलतील, पुढच्या सिग्नलला बोलतील. संगम पूल आला तेव्हा त्यांनी मान न वळवता म्हटले, "कोथिंबीर घ्यायची आहे." घरी आल्यावर आईने बाहेरच्या खोलीतच विचारले, "काय म्हणाले सर?" मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते. बाबा बुटाची नाडी सोडत होते.

"नाही म्हणाले नाहीत," ते म्हणाले.

मी पाण्याचा तांब्या तसाच धरून उभी राहिले. सरांचे बोलणे मी माझ्याच कानांनी ऐकले होते. आणि हा माणूस, जो शेजाऱ्यांचे कौतुकसुद्धा खोटे करत नसे, माझ्यासाठी आईशी सरळ खोटे बोलत होता. मी काही विचारले नाही. विचारले आणि त्यांनी मन बदलले तर, ही धास्ती होती. जून आला. मल्टिमीडियाच्या जाहिराती वर्तमानपत्रात अर्धे पान भरून येत होत्या. बाबा ते पान घडी घालून पोळ्यांच्या डब्याखाली ठेवत. त्यांनी माझी चौथ्या वर्षाची फी भरली.

त्या शनिवारनंतरच्या सोमवारी मी शेडवर गेले तेव्हाच सर म्हणाले होते, "आलीस?"

"हो."

"घरचे काय म्हणाले?"

"जा म्हणाले."

"माझं ऐकून घेऊनही?"

"हो."

सर कधी बसत नसत. त्या दिवशी ते स्टुलावर बसले, बाबा बसले होते त्याच, आणि थोडा वेळ भिंतीकडे पाहत राहिले. "मग आता शिकवायला हवं," ते म्हणाले, वाईट बातमी सांगावी तसे. "इकडे ये. आतला लोखंडी सांगाडा कसा बांधतात ते बघ."

त्या दिवसापासून ते बोलू लागले. शेजारून जाताना थांबून काय चुकले ते सांगू लागले, आणि चुकलेले इतके असे की मला पूर्वीचे मौन बरे वाटावे. पण जे काही येते ते मला त्या शेडमध्ये आले. फक्त ते वाक्य त्यांनी कधी मागे घेतले नाही. नवे काम हाती घेतले की ते माझ्या डोक्यावरून यायचे: यात पुढे काही नाही. मग मला बाबांची ती सावकाश हललेली मान आठवे. सर्व ऐकून, समजून, त्यांनी माझ्या बाजूने कौल दिला होता. एवढ्या मोठ्या विश्वासाला आपण उतरणार नाही, अशी आणखी एक काळजी त्यात जमा झाली. घरात मी त्यांच्याकडे वेगळ्या नजरेने पाहू लागले. त्यांना ते जाणवले असावे, कारण एकदा वर्तमानपत्र खाली करून त्यांनी विचारले, "काय हवंय?"

हिवाळ्यात पुतळा ब्राँझमध्ये ओतून आला आणि मांजरीला अनावरण ठरले. कान आपल्या घरचा आहे म्हटल्यावर आईलाही यायचे होते. बाबांनी खुर्च्या निवडायला वेळ लावला. ते नेहमीच लावत. अखेर रांगेच्या डाव्या टोकाला जाऊन बसले, त्यांच्या शेजारी आई, मग मी. मांडवाबाहेर ऊस उभा होता. भगवी शाल ओढली गेली. एका मंत्र्यांनी एकविसाव्या शतकावर भाषण केले. मग अध्यक्ष उभे राहिले. त्यांचा आवाज भरून आला होता, आणि तो खरा भरून आला होता, हे मला नाकारता येणार नाही.

"वडिलांचे हे कान बघा," ते म्हणाले. पुतळ्याला एकच कान दिसत होता, पण कुणी हरकत घेतली नाही. "हुबेहूब आलेत. याच कानांनी त्यांनी गोरगरिबांच्या लेकरांची हाक ऐकली. कितीबी हळू मारलेली असू द्या, त्यांनी ऐकली."

टाळ्या झाल्या. बाबांनीही वाजवल्या. आई माझ्याकडे झुकली.

"डावा ना गं ह्यांचा?"

"हो."

"त्या कानाला काय ऐकू येतंय," आई म्हणाली. "लहानपणी गालगुंड झाले होते, तेव्हापासून ठार बंद आहे तो."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"घरात राहतेस. आम्हाला वाटलं माहीत असेल."

मी आईच्या पलीकडे पाहिले. बाबा भाषण लक्ष देऊन ऐकत होते. त्यांच्या डावीकडे कुणी बसलेले नव्हते.

त्या शनिवारी शेडमध्ये सर बाबांच्या डावीकडे उभे होते.